नकाशा काढण्याआधी

आपल्याकडे शहराचं भविष्य वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात छापून येतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याचं कलम २६ यांचा हवाला देऊन महापालिका कळवते, की शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार आहे, नकाशे अमुक कार्यालयात कामकाजाच्या वेळेत पाहता येतील, कुणाला हरकत घ्यायची किंवा सूचना करायची असेल तर मुदतीत लेखी द्यावी. ही मुदत कधी तीस दिवसांची असते, कधी साठ. ज्याच्या घरावरून रस्ता जाणार असतो त्याला ही सूचना बहुधा शेजाऱ्याकडून कळते, नाहीतर नगरसेवकाच्या कार्यकर्त्याकडून. मग झेरॉक्सच्या दुकानात गर्दी उसळते. कुणीतरी एक मसुदा टाइप करून ठेवलेला असतो; त्यात नाव, पत्ता आणि सर्व्हे नंबर तेवढा भरायचा. असे अर्ज गठ्ठ्यागठ्ठ्यानं आवक विभागात जातात आणि पोचेचा शिक्का घेऊन लोक घरी येतात. पुढच्या वीस वर्षांच्या शहराशी बहुतेक नागरिकांचा संबंध येतो तो एवढाच.

आपलं शहर पुढे कसं असावं याची कल्पना करण्यात तिथल्या लोकांना सामील कसं करून घ्यायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यावर बोलायला लागलं की कार्यशाळा, रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेले फळे, मोबाइल अ‍ॅप आणि सर्वेक्षणं यांची यादी सुरू होते. या साधनांशी माझं वैर नाही. पण लोकांना कल्पना करायला शिकवावं लागतं, हे त्यामागचं गृहीत मला मान्य नाही. आपल्या शहरांतले लोक कल्पना करतच असतात. त्यांना ती मांडायला जागा एकच मिळालेली आहे, ती म्हणजे हरकत. त्यामुळे आपल्या महापालिकांच्या दप्तरांत हरकतींचे जे गठ्ठे पडून आहेत, तेच महाराष्ट्रातल्या लोकांनी केलेलं नगरनियोजनाचं सगळ्यात मोठं लेखन आहे असं मी मानतो. ते वाचलं जात नाही, फक्त मोजलं जातं.

एका सुनावणीतला प्रसंग सांगतो. कायद्यानुसार हरकती ऐकायला नियोजन समिती बसते. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, अशी तिची रचना. बाहेर व्हरांड्यात लोक क्रमांकाची चिठ्ठी धरून बसलेले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, एखादा पिवळा पडलेला फोटो. आत गेल्यावर बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटं. एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, रस्ता नको असं मी म्हणतच नाही. पण पावसाळ्यात वरचं सगळं पाणी या बाजूनं उतरतं. भराव टाकून रस्ता केलात तर ते शाळेत शिरेल. रस्ता जरा वरून घ्या, म्हणजे खाली ओढा राहील.” समितीतल्या एकानं नकाशावर बोट ठेवून पाहिलं. नकाशात ओढा नव्हता. कोपऱ्यात बसलेल्या कारकुनानं नोंद केली: अर्जदाराचा रस्त्यास विरोध. पुढचा क्रमांक पुकारला गेला.

त्या गृहस्थांनी दोन मिनिटांत एक रस्ता, एक ओढा आणि एक शाळा यांची फेरमांडणी करून दाखवली होती. नगररचनाकाराचं काम यापेक्षा वेगळं काय असतं? पण नोंदवहीत दोनच रकाने होते, विरोध आणि पाठिंबा. आपल्याकडच्या लोकसहभागाचा पेच मला त्या रकान्यांत दिसतो. लोक बोलावले जातात तेव्हा रेषा ओढून झालेली असते, आणि ओढलेल्या रेषेबद्दल माणूस फार तर हो किंवा नाही म्हणू शकतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट सगळ्यात ठळकपणे घडली ती नवी मुंबईत. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक कल्पना मांडली. दक्षिणोत्तर लांबट मुंबईत सगळ्यांचा ओघ दक्षिण टोकाकडे आहे. तो मोडायचा तर खाडीपलीकडे नवं शहर उभं करावं. ती कल्पना धाडसी होती आणि तिच्यात तथ्य होतं. सरकारी नोकरीत नसलेल्या माणसांनी मांडलेली एवढी मोठी योजना सरकारनं स्वीकारावी, ही तर नागरिकांच्या सहभागाची दुर्मीळ घटना म्हणायची. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन प्रकल्पात आली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र नकाशावर मोकळं दिसत होतं. प्रत्यक्षात तिथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. आगरी आणि कोळी समाजाची भरलेली गावं होती.

नवं शहर म्हणजे काय आणि त्यात आपली जागा कोणती, हे या गावांना कुणी विचारलं नाही. त्यांना विचारलं गेलं ते एकरी भावापुरतं. त्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा उभा राहिला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. हा इतिहास रायगड-ठाण्यात लहान मुलांनाही माहीत असतो. बाहेर मात्र तो भूसंपादनाच्या भावाचा वाद म्हणूनच सांगितला जातो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. त्या शेतकऱ्यांची मागणी केवळ जास्त पैशांची राहिली नाही. आमच्या जमिनीवर जे शहर उभं राहणार त्यातली विकसित जमीन आम्हाला परत द्या, असं ते म्हणू लागले. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. आज नवी मुंबईत ‘साडेबारा टक्के’ हा शब्द एखाद्या वस्तीच्या नावासारखा वापरला जातो; अमक्याचं घर साडेबारा टक्क्यांत आहे, असं सहज म्हणतात. पुढे विमानतळासाठी जमीन घेताना हाच हिस्सा साडेबावीस टक्क्यांवर गेला. म्हणजे जमीन घेऊन पैसे द्यायचे आणि माणसाला शहराबाहेर ढकलायचं, या रीतीला पर्याय कुणा तज्ज्ञानं नव्हे, तर हरकत घेणाऱ्यांनी शोधला. तो पर्याय निर्दोष नाही. भूखंड हातात पडायच्या आतच विकले गेले, दलाल गबर झाले. मूळ गावठाणांचा विस्तार रखडत राहिला आणि कुटुंबं वाढली तशी लोकांनी मिळेल तिथे घरं बांधली. त्यांना सरकारदरबारी अनधिकृत म्हणतात आणि गावात ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. तरीही शहराच्या वाढीत मूळ रहिवाशाचा वाटा असावा ही कल्पना त्या मातीतूनच आली. पहिल्या नकाशाच्या आधी कुणी त्या गावांत जाऊन बसलं असतं तर ती गोळीबाराशिवायही येऊ शकली असती, असं मला राहून राहून वाटतं.

मुंबईचा अनुभव वेगळा आहे, आणि काही बाबतींत आशा वाढवणारा. मुंबईचा दुसरा विकास आराखडा १९८१ ते २००१ या काळासाठी होता. तो मंजूर होता होता नव्वदचं दशक उजाडलं. तिसऱ्या आराखड्याची तयारी सुरू झाली तेव्हा शहरातल्या संस्था जाग्या होत्या. २०१२-१३ मध्ये सध्याच्या जमीनवापराचे नकाशे लोकांसमोर आले आणि वस्त्यावस्त्यांतून ते तपासले जाऊ लागले. हे काम दिसायला कंटाळवाणं असतं. नकाशाचा एक तुकडा घ्यायचा, गल्लीत उभं राहायचं आणि पाहायचं, की नकाशात पिवळा म्हणजे निवासी दाखवलेला भाग खरंच निवासी आहे का. शाळा शाळेच्या जागी आहे का. वस्ती जिथे आहे तिथे नकाशात कोरी जागा तर नाही ना. कोळीवाड्यांच्या बाबतीत ही तपासणी फार बोलकी ठरली. मासळी वाळत घालायचं खळं, होड्या ओढून ठेवायचा किनारा, जाळी विणायला बसायची मोकळी जागा, हे सगळं नकाशावर रिकामं दिसतं. वाळत घातलेल्या बोंबलांना सर्व्हे नंबर नसतो. जमीनवापराच्या सूचीत निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग आहेत. ज्या अंगणात सकाळी मासळी वाळते, दुपारी जाळी शिवली जातात आणि रात्री हळदीचा मांडव पडतो, त्या अंगणाला रंग कोणता द्यायचा हे त्या सूचीला सुचत नाही. मग ते कोरं राहतं, आणि कोऱ्या जागेवर कुणाची तरी नजर जाते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि शहरभर गदारोळ उठला. त्यात रस्ते इमारतींवरून गेले होते, प्रार्थनास्थळं आणि शाळा गायब होत्या, वारसा वास्तूंच्या नोंदींत घोळ होता, आरे वसाहतीचा भाग विकासासाठी खुला होत होता, आणि रेल्वे स्थानकांजवळ चटईक्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. साठ हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे लोक एका रांगेत दिसले. वांद्र्याच्या गावठाणातली ईस्ट इंडियन कुटुंबं, कोळीवाडे, झोपडपट्टीतल्या संघटना, वास्तुरचनाकार, पर्यावरणवाले आणि झाडून सगळे पक्ष. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा थांबवून दुरुस्त करायला सांगितला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला, २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

या घटनेची कथा बहुतेकदा जनतेचा विजय म्हणून सांगितली जाते. मला त्यातलं कमी गाजलेलं काम अधिक मोलाचं वाटतं. गदारोळ होण्याच्या कितीतरी आधीपासून काही गट विषयवार बसून लिहीत होते: घरं, आरोग्य, शिक्षण, फेरीवाले, बेघर, स्त्रिया. शहराचा आराखडा स्त्रियांच्या नजरेनं पाहिला तर काय बदलेल, हा प्रश्न आधी अनेकांना विचित्र वाटला. जमिनीला काय बाई-पुरुष असतो का, असंही विचारून झालं. पण ज्या बाईला मूल पाळणाघरात सोडून दोन गाड्या बदलत कामावर जायचं असतं, तिच्यासाठी पाळणाघर घराजवळ आहे की स्टेशनजवळ हा जमिनीचाच प्रश्न असतो. शेवटी मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार महिलांसाठी निवास, आधार केंद्र, बेघरांसाठी निवारे अशी आरक्षणं आली. यापूर्वीच्या आराखड्यांच्या यादीत बाग, शाळा, दवाखाना, बाजार, स्मशान असे ठरलेले प्रकार असायचे. यादीतच नवी नावं घालणं ही मोठी गोष्ट आहे. आरक्षण कागदावर येणं आणि इमारत उभी राहणं यांत किती अंतर असतं हे मुंबईकराला सांगायला नको. पण ज्याचं आरक्षणच नाही ते मागायलाही जागा नसते.

आराखड्याचे नकाशे आणि अहवाल मराठीत मिळावेत, ही मागणीसुद्धा लोकांना वेगळी करावी लागली, हे इथे नोंदवून ठेवतो. त्यावर अधिक भाष्य करावंसं वाटत नाही.

पुण्याकडे वळायचं तर दोन पुणी दिसतात. एक पुणं २००६ सालचं. त्या वर्षी पुणे महापालिकेनं अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ पासून हा प्रयोग चालवला होता. भारतात तो मोठ्या शहराच्या पातळीवर रुजवणाऱ्यांत पुणं आघाडीवर होतं. पद्धत साधी होती. आपल्या भागात काय हवं ते नागरिकानं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करून सांगायचं. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. प्रभागासाठी ठरावीक रक्कम. पदपथ, दिवे, बाकडी, बसथांब्यावरचं छप्पर, गटाराची झाकणं अशी कामं लोकांनी सुचवली आणि त्यांतली बरीच झालीही. ही कामं क्षुल्लक म्हणून हिणवणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा पावसाळ्यात झाकण नसलेल्या गटाराशेजारून शाळकरी पोरांना घेऊन चालावं. अडचण कामाच्या आकारात नव्हती. सुरुवातीच्या काळात प्रभागवार बैठका झाल्या, लोक एकमेकांसमोर बोलले. मग हळूहळू बैठका आटल्या आणि अर्ज तेवढा उरला. अर्ज एकट्यानं भरायचा असतो. मला दिवा हवा आणि शेजाऱ्याला बाकडं हवं, तर आधी काय, हे आमच्या दोघांचं बोलणं त्यात होत नाही. ते ठरवणारा तिसराच कुणी असतो. आणि सुचवलेलं काम मंजूर झालं की नाही, नाही तर का नाही, हे कळायची सोय कच्ची राहिली. पहिल्या वर्षी हौसेनं अर्ज करणारा माणूस तिसऱ्या वर्षी फिरकत नाही, त्याचं कारण उदासीनता हे नव्हे.

दुसरं पुणं आराखड्याचं. जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळाचा विकास आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. वीस वर्षांच्या भविष्यातली दहा वर्षं मंजुरीआधीच भूतकाळात गेली होती. मध्यंतरी ऐंशी हजारांहून अधिक हरकती येऊन गेल्या, महापालिकेच्या हातून आराखडा काढून राज्य सरकारनं समिती नेमली, आरक्षणं उठली, बसली, पुन्हा उठली. या सगळ्यात शहर थांबून राहिलं नाही. ते आराखड्याशिवाय वाढत गेलं. पुणेकरांना याचं फारसं आश्चर्य वाटत नाही, ही आश्चर्याची गोष्ट.

तरीही पुण्यानं एक कल्पना लोकांच्या बळावर टिकवली, ती टेकड्यांची. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली तेव्हा त्यांच्याबरोबर टेकड्यांचे उतारही आले. या उतारांवर बांधकाम होऊ देऊ नये, तिथे जैवविविधता उद्यान करावं, यासाठी सह्यांच्या मोहिमा झाल्या, मोर्चे निघाले, पुढे राज्य सरकारनं आरक्षण मान्य करेपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. या उद्यान-आरक्षणाचं ‘बीडीपी’ हे तीन अक्षरी नाव आज पुण्यात जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध आणि नदीकाठच्या झाडांसाठी लोक पुन्हा रस्त्यावर आले. पण याची दुसरी बाजूही या पुस्तकात आली आहे, आणि ती यायलाच हवी होती. टेकडीच्या माथ्यावर सकाळी फिरायला जाणारा आणि टेकडीच्या उतारावर चार पिढ्यांची गुंठाभर जमीन असणारा, दोघेही स्थानिकच. पहिल्याला टेकडी हिरवी हवी. दुसरा म्हणतो, हिरवी ठेवा, पण तिचा सगळा खर्च माझ्या एकट्याच्या सातबाऱ्यावर का टाकता? मोबदला म्हणून जो हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला गेला तो फक्त आठ टक्के होता. पहिल्याचं म्हणणं वर्तमानपत्रात छापून येतं, दुसऱ्याचं न्यायालयात जातं. दोघांची एकत्र बैठक क्वचितच होते.

स्थानिक लोक म्हणजे एकमुखी, निर्मळ, सुज्ञ समूह अशी एक भाबडी समजूत लोकसहभागाच्या साहित्यात सर्रास आढळते. ज्यानं एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्याची ही समजूत टिकू नये. बसथांबा हवा, पण आमच्या फाटकासमोर नको. भाजीवाले हवेत, पण पुढच्या चौकात. कचऱ्याचं वर्गीकरण झालंच पाहिजे, पण त्याची शेड आमच्या प्रभागात नको. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. शहरातल्या कचऱ्याचं काय होतं, तो कुठून कुठे जातो, त्यातलं काय विकलं जातं, याचं जेवढं ज्ञान त्या बायकांकडे आहे तेवढं कुठल्या सल्लागाराकडे असेल असं वाटत नाही. वर्गीकरणाला सावलीची जागा हवी, पाणी हवं, ही त्यांची साधी मागणी नियोजनाची मागणी आहे. पण सभेची वेळ सकाळी दहाची असली की त्या कामावर असतात, आणि संध्याकाळी सातची असली की घरी चूल पेटवायची असते. भाडेकरू तर कुठल्याच यादीत नसतो. घरमालकाला नोटीस येते, भाडेकरूला खोली सोडायला सांगितलं जातं. शहराचं भविष्य सगळ्यात जास्त दिवस जगणार ती मुलं. त्यांना निबंधस्पर्धेचा विषय मिळतो.

कुणाचं ऐकलं जातं आणि कुणाचं नाही, हे स्मार्ट सिटीच्या स्पर्धेत प्रकर्षानं दिसलं. २०१५ मध्ये पुण्यात घराघरांतून अर्ज भरून घेतले गेले, लाखोंनी सूचना गोळा झाल्या आणि जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुणं भुवनेश्वरनंतर दुसऱ्या क्रमांकावर आलं. मोठ्या कामांसाठी निवडला गेला तो औंध-बाणेर-बालेवाडीचा भाग. सूचना साऱ्या शहराकडून आणि कामं एका बऱ्यापैकी सुस्थित भागात, हा हिशेब पूर्वेकडच्या वस्त्यांना आजही पटलेला नाही. लोकांना विचारणं आणि लोकांचं ऐकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

लोकांना हौसेनं शहरात गुंतवण्याचा आपल्या परिसरातला सगळ्यात रंगतदार प्रयोग मात्र शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो होळकरांच्या इंदुरात झाला. स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडीस तेव्हा तिथे शहराचा अभ्यास करत होता. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्लेगचे दिवस होते. नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडणारा हा दाढीवाला म्हातारा साहेबच प्लेग घेऊन येतो, असा लोकांचा समज झाला होता. गेडीसनं महाराजांकडे एका दिवसाचं राज्य मागितलं आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यात जास्त दुरुस्त आणि स्वच्छ होतील त्या रस्त्यानं ती जाईल. मग काय, आळीआळीत चढाओढ लागली. घरं झाडली गेली, भिंती सारवल्या-रंगवल्या गेल्या, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर निघाला. मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, गळ्यात हार घालून चालले. प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा मिरवत नेऊन जाळली गेली.

यात थोडी नाटकबाजी होती हे खरं. राजाच्या परवानगीनं चाललेला लोकसहभाग ही तशी विनोदी गोष्ट आहे. पण गेडीसला कळलं होतं ते आपल्या कार्यशाळांना अजून कळलेलं नाही. लोक प्रश्नावली भरायला जमत नाहीत, उत्सवाला जमतात. नुसतं मत मागण्यापेक्षा खरीखुरी एखादी गोष्ट त्यांच्या हाती द्यावी लागते. मिरवणूक कुठून जाईल हे खरोखरच लोकांच्या करणीवर ठरणार होतं. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या साहेबी रिवाजाला त्याचा विरोध होता. गरज असेल तिथे एखादं पडकं घर काढावं, बाकीची वस्ती जगू द्यावी, असं त्याचं म्हणणं. आपल्या गावठाणांच्या आणि पेठांच्या रस्तारुंदीचे प्रस्ताव पाहताना त्याचा १९१८ चा इंदूरचा अहवाल हाताशी असावा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या लेखांत ती सविस्तर आली आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अंमलात आली आणि तिनं प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्याच्याही खाली, मतदान केंद्रांच्या पातळीवर नागरिकांची क्षेत्रसभा असावी, अशी दुरुस्ती महाराष्ट्रानं २००९ मध्ये केली. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहरातल्या माणसाला क्षेत्रसभा. नगरराज कायदा म्हणून ती ओळखली जाते. क्षेत्रसभा भरलेली किती वाचकांनी पाहिली आहे हे मी विचारत नाही. त्यात २०२२ पासून मुंबई-पुण्यासकट मोठ्या महापालिकांवर काही वर्षं नुसते प्रशासक होते. निवडून आलेला नगरसेवकच नव्हता, तिथे क्षेत्रसभा कोण बोलावणार? केरळनं १९९६ मध्ये लोकयोजनेची मोहीम काढली तेव्हा आधी राज्याच्या योजना-निधीतला एक-तृतीयांशाहून मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवला आणि मग लोकांना सभांना बोलावलं. आपण सभेची तरतूद करून ठेवली. पैसे वरच राहिले.

मग करायचं काय? आपला कायदा आहे तसाच ठेवूनही एक गोष्ट करता येते, आणि या पुस्तकातल्या बहुतेक लेखकांचं तिच्यावर एकमत आहे. आराखड्याची प्रक्रिया कलम २६ पासून सुरू होत नाही. आधी कलम २३ खाली महापालिका इरादा जाहीर करते, मग कलम २५ खाली सध्याच्या जमीनवापराचा नकाशा बनतो. हा दुसरा टप्पा लोकांचा व्हायला हवा. त्या वेळी कुणाच्याही घरावर रेषा पडलेली नसते, म्हणून कुणी घाबरलेलं नसतं. ओढा कुठे आहे, पाणी कुठे तुंबतं, बायका कुठल्या रस्त्यानं रात्री जात नाहीत, आठवडी बाजार कुठे भरतो, मासळी कुठे वाळते, मुलं कुठल्या पडीक प्लॉटवर क्रिकेट खेळतात, हे सगळं तेव्हा नकाशावर आणता येतं. ते आलं की पुढची निम्मी भांडणं उरत नाहीत, आणि जी उरतात ती खऱ्या मतभेदांची असतात. हरकतीला उत्तर देणंही बंधनकारक करता येईल. मान्य केली तर काय बदललं, फेटाळली तर का, हे एका ओळीत का होईना, पोचपावतीच्या क्रमांकासह जाहीर लावावं.

हे एवढंसं वाटेल. मोठी स्वप्नं, २०५० ची शहरं, उडत्या टॅक्सी यांबद्दल या पुस्तकात फारसं काही नाही, याची वाचकांना आगाऊ कल्पना देतो. इथे लिहिणारे काही जण वास्तुरचनाकार आहेत, काही वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते आहेत, काही निवृत्त अधिकारी आहेत, ज्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं या सुनावण्या पाहिल्या. अधिकाऱ्यांचे लेख मुद्दाम मागवले. आठवडाभरात काही हजार हरकतींवर शेरे मारायचे असतात तेव्हा माणूस काय करतो, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिलं आहे, आणि ते वाचल्यावर त्या कारकुनाच्या दोन रकान्यांवरचा माझा राग पुष्कळ उतरला.

लेखकांचं सगळ्याच बाबतींत एकमेकांशी पटत नाही. क्षेत्रसभा सक्तीची करा, बाकी सगळं आपोआप येईल, असं एकाचं ठाम मत आहे. त्याच्या नंतरच्याच लेखात एका अनुभवी कार्यकर्तीनं लिहिलं आहे, की खर्चाचा अधिकार नसलेली सभा चार वेळा भरते आणि पाचव्या वेळी तिथे फक्त चहावाला येतो. म्हणून आधी प्रभागाचा निधी, मग सभा. गावठाणाच्या प्रश्नावर तर दोन लेख सरळ एकमेकांविरुद्ध उभे आहेत, एक मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या बाजूनं आणि दुसरा त्याच गावठाणातल्या चाळींमधल्या भाडेकरूंच्या बाजूनं. मसुदे हातात आल्यावर दोघांनाही एकमेकांचे लेख वाचायला पाठवले. दोघांनीही आपापला लेख थोडा वाढवून परत पाठवला, बदल कुणीच केला नाही. ते तसेच, शेजारी शेजारी छापले आहेत.